दूधसंघाच्या यंत्रावरचा पहारा

फिनलंडमधल्या हाउकिवारा गावच्या दूधसंघाचा मोठा संगणक तळघरात होता आणि तो इतके ऊन श्वास टाकायचा, की त्याच्या झरोक्यासमोरचं बर्चचं झाड भर फेब्रुवारीत पालवायचं. गावचे लोक हे शपथेवर सांगतात. आणि तिथला माणूस शपथेचं सोडाच, साधं 'हो' म्हणायचं झालं तरी नुसता श्वास आत ओढून भागवतो. तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

या यंत्राची राखण हेल्वी रास्कूकडे होती. पंचक्रोशीतल्या गाईंचं दूध, लोण्याच्या मागण्या, टँकरच्या फेऱ्या, सगळं ते यंत्र एकटं ओढायचं. हेल्वी साठीला टेकलेली. यंत्र गेलं तर आपली नोकरी गेली, हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. आणि हाउकिवारात दुसरी नोकरी शोधायची म्हणजे बर्फ आणि कावळे यांतलं एक निवडायचं.

त्या वर्षी राजधानीतून रास्मुस नावाचा सल्लागार आला. त्याचं म्हणणं, हे जुनं धूड बंद करा आणि सगळं काम हेलसिंकीतल्या एका बड्या कंपनीच्या यंत्रांवर सोपवा. संचालक यालमारी हा दुपारी सूप घ्यावं की मासा, यावरही दोनदा बैठक बोलावणारा माणूस. त्याने तोडगा काढला: आठवडाभर मोजमाप करू. यंत्रावर ताण दिसला तर ते जाईल, नाही दिसला तर राहील. तेवढ्या दिवसांत त्याला कोणी हात लावायचा नाही. हेल्वीने तर मुळीच नाही.

हेल्वी खूश. यंत्र एरवी अर्धी डुलकी काढतच काम करतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? कॉफीच्या खोलीत तिनेच सांगून टाकलं, "या आठवड्यात मोजणी आहे. नेहमीसारखी कामं करा, बस्स." सगळ्यांनी श्वास आत ओढला. कोणी काही विचारलं नाही.

तिथेच घात झाला. कारण मागे कधीतरी, हौसेच्या भरात, हेल्वीनेच सगळ्या कचेरीला शिकवून ठेवलं होतं. पडद्यावर काळी खिडकी उघडायची, 'टॉप' असं टंकायचं, की कुठलं काम प्रोसेसर किती खातंय, मेमरी किती अडवून बसलंय, याची यादी समोर. दर तीन सेकंदांनी यादी आपोआप ताजी होते. हवं तर आणखी लवकर करता येते. डिस्कवर कशाने किती जागा धरली तेही मोजता येतं. 'यंत्र हळू चाललंय' म्हणून जो तो तळघराचा जिना दणाणवत यायचा, त्याला कंटाळून तिने ही विद्या वाटली होती.

मोजणी सुरू झाली आणि हिशेबखात्यातल्या लेम्पीला हेल्वीची काळजी वाटली. तिने जरा डोकावावं म्हणून खिडकी उघडली. लोणीविभागातल्या तैस्तोलाही काळजी वाटली. दाराशी बसणाऱ्या बाईंपासून चीजच्या भट्टीवाल्यांपर्यंत सगळ्यांनाच वाटली. आणि हाउकिवारात शेजारच्याला 'काय करतोस?' असं विचारणं म्हणजे त्याच्या न्हाणीघरात शिरण्यासारखं. त्यामुळे प्रत्येकाला वाटलं, बघणारा मी एकटाच.

आता एकाने बघितलं तर यंत्राला त्याचं काहीच नाही. पण प्रत्येक बघणं यंत्रातल्या प्रत्येक कामाला जाऊन विचारतं: तू कोण, किती खातोस? आणि दुसऱ्यांचं बघणं हेही कामच. होता होता बघणारे बघणाऱ्यांनाच मोजू लागले. आकडा चढला. आकडा चढला म्हणून लोक घाबरले आणि यादी तीन सेकंदांवरून एकावर, एकावरून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. तैस्तोने तर डिस्कवरची एकूण एक फाइल मोजायला लावली, आणि मोजून संपली की पुन्हा पहिल्यापासून.

हेल्वीने यादी उघडली तेव्हा वरपासून खालपर्यंत ना दूध होतं ना लोणी. नुसते पहारेकरी, नावानिशी. एक ओळ टंकून सगळ्यांना हाकलता आलं असतं. तिचा हात कळफलकापर्यंत गेलाही. मग अट आठवली. हात मागे घेऊन ती जिना चढली.

"लेम्पी, ती काळी खिडकी बंद कर."

"कुठली? ही होय? ही नुसती उघडी आहे गं. मी बघतसुद्धा नाही."

"दहाव्या हिश्श्यावर लावलीयस तू!"

"तुझ्यासाठीच ना! आणि बघ तरी, मेमरी मोकळी अशी उरलेलीच नाही."

"मोकळी उरायला ती काय बसथांब्यावरचं बाकडं आहे? पडून राहिली तर फुकट जाते, म्हणून यंत्र ती भरून ठेवतं आणि लागली की सोडतं. हिवाळ्याआधी तळघरात बटाटे भरतेस, तेव्हा घाबरतेस का?"

"बटाट्यांचं वेगळं. बटाटे माझे असतात."

तैस्तो पुढचा. "मी एकट्याने बंद करून काय होणार? बाकीचे बघत असतीलच की."

"मग सांग ना त्यांना."

"मी? असं विचारतात का कोणाला? बरं दिसतं का ते?"

रास्मुस वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवत बसला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "भार तो भार, हेल्वी. कोणाचा, ते माझ्या मापात येत नाही."

"तुझं मापच त्या यादीत आहे! आणि चांगलं वरच्या ओळींत बसलंय."

"म्हणजे माझी मोजणीसुद्धा याला पेलवत नाही," तो म्हणाला. "हे बरं सांगितलंस. अहवालात घालतो."

उरला यालमारी. त्याच्या पडद्यावरची यादी इतकी भरभर बदलत होती, की अक्षरं दिसतच नव्हती, नुसती थरथर.

"यालमारी, तू तरी बंद कर रे."

"निर्णय मी घ्यायचा आणि मीच बघायचं नाही?"

"एकदा बंद कर. भार किती उतरतो तो बघ."

त्याने बंद केली. दोघं रिकाम्या पडद्याकडे बघत बसले.

"उतरला का?" त्याने विचारलं.

"उतरला असणार."

"असणार म्हणजे? बघायला नको?" आणि त्याने खिडकी उघडली. यादी थरथरली, आकडा उसळला. "बघ. पुन्हा चढला. आणि तू मला सांगतेस!"

त्याच आठवड्यात कागदावर सही झाली.

वसंतापर्यंत सगळं काम राजधानीला गेलं. आता आत डोकावायची परवानगीच कोणाला नाही. लोण्याची मागणी अडकली की फोनवरचा एक गोड आवाज 'आमच्याकडे सर्व सुरळीत आहे' असं सांगतो आणि हाउकिवारा श्वास आत ओढतो.

हेल्वीच्या निरोपाला केक आणला होता. लेम्पीने डोळे पुसले. "किती जपलं गं आम्ही त्याला! शेवटपर्यंत नजर हलवली नाही." हेल्वी म्हणाली, "आभारी आहे." दुसरं काय म्हणणार? चाळीस वर्षांच्या नोकरीत माणसं तिच्यासाठी पहिल्यांदाच इतकं बोलत होती.

मग शेवटचं काम करायला ती खाली उतरली. यंत्र बंद करण्याआधी सवयीने तिने 'टॉप' टंकलं. यादीत तिच्याखेरीज कोणी नव्हतं. प्रोसेसर पेंगत होता, डिस्क निवांत, भार जवळजवळ शून्य. काम गेलं म्हणून का होईना, सहीच्या दिवशी यालमारीला दाखवायला हवा होता तसा आकडा अखेर समोर होता. वर जाऊन सांगावं, असं तिला क्षणभर वाटलं.

मग वाटलं, सांगितलं तर सगळे बघायला येतील.

तिने यंत्र बंद केलं.