सोबतीला काशी

खट्ट.

ज्वारीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तो आवाज पार न्हाणीपर्यंत आला. वीज गेल्यामुळं गल्लीतले माग बंद पडले होते; एरवी त्यांच्या खडखडाटात हंडा पडला तरी कळायचं नाही. दाक्षायणी लेकीच्या, काशीच्या, डोक्यावर पाणी ओतत होती. तिचा तांब्या तसाच वर राहिला.

त्या डब्यात ज्वारीच्या तळाशी तिच्या नणंदेची, चंद्रव्वाची, वही असायची. वही बाहेर निघायची ती सिनेमाहून आल्यावर. आज तर चंद्रा अजून निघायची होती.

चंद्रा सतराची. मॅट्रिक झाली, घरी बसली, आणि सिनेमाच्या नादानं वेडी झाली. पण नुसतं बघून डोळे पुसणाऱ्यातली ती नव्हे. बघितलेल्या प्रत्येक सिनेमाला ती वहीत दहापैकी मार्क द्यायची आणि खाली शाळेतल्या कडक बाईंसारखा शेरा मारायची. ‘हिरोची आई शिवणयंत्र चालवून म्हातारी झाली, पण तीन तासांत एक टाका घातला नाही. चार.’ ‘खलनायकाच्या बंगल्यात एवढे जिने, झाडतं कोण? तीन.’ ‘हिरोईन आंधळी झाली आणि लगेच गायला लागली. मंद्रूपची आंधळी सारजाबाई शेंगा फोडते आणि शिव्या देते. दोन, तेही चालीचे.’

काशी झाल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, दाक्षायणी थेटरची पायरी चढली नव्हती. तिचे सगळे सिनेमे चुलीपुढं झाले. ती भाकरी थापायची आणि चंद्रा परातीच्या पलीकडं उभी राहून हिरो, हिरोईन, पोलीस, घोडा, सगळं एकटीच करून दाखवायची. हसता हसता भाकरी करपायची, आणि ती करपलेली भाकरी दोघी मिळून गपचूप खाऊन टाकायच्या.

तरण्या पोरीनं एकटीनं सिनेमाला जायचं नाही, हा सासूबाईंचा, गंगम्मांचा, नेम. पण कडेवर पोर असलं तर चालायचं. “ल्हान लेकरू सोबतीला असलं की कुणी वाकडं बघत न्हाय,” असं त्या म्हणायच्या. त्यांच्या आईनंही तेच केलेलं. म्हणून दर शुक्रवारी बाराच्या खेळाला काशी आपल्या आत्याची राखण करायला जायची, आणि दुसऱ्या गाण्याला तिच्या मांडीवर झोपून जायची.

तीन आठवड्यांमागं चंद्रा सांगत आली होती, “वैनी, आज लेडीज खिडकीवर एकानं मला तिकीट काढायला लावलं. बाप्यांची रांग पार रस्त्यावर गेलेली. ‘ताई, माझं एक काढता का?’ म्हणाला.”

“मग?”

“काढलं की. सगळ्याच बायका काढतात.”

तेही खोटं नव्हतं. दाक्षायणीनंही लग्नाआधी काढली होती.

पुढच्या शुक्रवारी काशीच्या गालात पेपरमिंट होतं. “चौकटीवाल्या काकानं दिलं,” ती म्हणाली. चौकटीचा शर्ट घालून तो मागच्याच रांगेत बसला होता. इंटरव्हलला त्यानं चंद्राचे शेरे ऐकले आणि पोट धरून हसला. पुण्यात त्याच्या ओळखीचं सिनेमाचं साप्ताहिक होतं म्हणे. “असं कुणी लिहीत न्हाय म्हणतो, वैनी. वही दाखवली तर छापतील.”

“नाव काय गं त्याचं?”

“विचारलं न्हाय. अगंबाई, तोंड बघा तुमचं! अगदी सिनेमातल्या आईवाणी. दहापैकी तीन.”

दाक्षायणी हसली. हसायला नको होतं.

गेल्या शुक्रवारी मात्र तिनं विचारलं, “अजून ताईच म्हणतो का?” चंद्रा वाकून चूल फुंकत राहिली. लाकडं चांगली पेटलेली होती.

त्या रात्री नवऱ्याला, रेवणसिद्धाला, सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर शुक्रवार बंद झाले असते. चंद्राचे झाले असते, तसे तिचेही झाले असते. ती कूस बदलून झोपली.

आज रेवणसिद्ध आणि गंगम्मा चंद्राचं स्थळ पक्कं करायला मंद्रूपला गेले होते.

“काय गं, डबा कशाला उघडला?” न्हाणीतून दाक्षायणीनं विचारलं.

“ज्वारी पाखडायला काढते, वैनी.”

बाहेर येऊन बघते तर सूप खिळ्यालाच होतं. जरा वेळानं काशीला फ्रॉक घालून चंद्रा उंबऱ्यात उभी होती. तिनं पिशवी खांद्याला घट्ट धरलेली. “येते हं. मी नसले की बघा, तुमची एक भाकरी करपायची न्हाय.”

दाक्षायणीनं काशीची वेणी नीट केली आणि दोघींना जाऊ दिलं. काशी होतीच की सोबतीला.

बाराच्या आतच वीज आली, माग सुरू झाले. तीन वाजले. साडेतीन. मग दाक्षायणीनं ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तळ खरवडला. पुन्हा खरवडला. बोटांना नुसते दाणे लागत होते.

चपला पायात सरकवून तिनं दार उघडलं, तर समोर थेटरचा डोअरकीपर मल्लप्पा सायकल धरून उभा. सायकलच्या दांडीवर काशी.

“रेवणप्पांचीच लेक न्हवं ही? खेळ सुटला, झाडायला गेलो, तर खुर्चीत बसलेली. बाजूच्या खुर्चीवर रुमाल टाकून. उठंनाच. आत्याची जागा धरलीया म्हणती.”

“आणि तिची आत्या?”

मल्लप्पानं मान खाली घातली. “कुल्फीवाल्यानं बघितली. इंटरव्हलला टांग्यात बसली, एका चौकटीच्या शर्टासंगं. टांगा स्टेशनाकडं गेला.”

“मल्लप्पा, जरा स्टेशनावर जाता का? पाया पडते.”

“जातो की. पण पुण्याची गाडी कवाच गेली, बाई.” तो सायकलवर टांग टाकून गेला.

काशीला छातीशी धरून ती उंबऱ्यातच बसली. पोरीच्या मुठीत अजून तो रुमाल होता, कोपऱ्यात चंद्रानंच काढलेलं फूल. केसांना थेटरातल्या विड्यांचा वास येत होता. दाक्षायणीनं त्यावर ओठ टेकले. चंद्रा वही दाखवायला निघाली होती, त्या माणसाला वहीच हवी होती का, हे तिला आता कुणाला विचारता येणार नव्हतं.

मागांच्या खडखडाटावरून गल्लीच्या तोंडाशी गंगम्मांचा आवाज चढला. “चंद्रेऽ! दार उघड की गं! ठरलं बघ तुजं!” त्यांच्या मागं रेवणसिद्धाचं हसणं.

काशीनं रुमाल मांडीवर पसरला, हातानं नीट सारखा केला.

“आई,” ती म्हणाली, “इंटरव्हल किती वेळ असतो?”