फौजीला कोणी धरेना

मित्रांनो, लग्नाच्या मांडवात ज्याच्यावर उड्या मारल्या म्हणून तुम्ही आईचा धपाटा खाल्ला असेल, तो लाल मखमलीचा सोफा म्हणजे मी. आता जुना झालो आहे. मखमल विटली आहे आणि कोणी बसले की मी कुरकुरतो. पण माझ्याइतकी माणसे जवळून कोणी पाहिली असतील, असे मला वाटत नाही.

हिंगोलीच्या एका सुताराने मला सागाच्या लाकडात घडवले. वारंगा फाट्याच्या खाजा मियांचा मंडपाचा धंदा. त्यांनी मला टेम्पोतून घरी आणले, तेव्हा त्यांची बायको नजमुन्निसा माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "ह्याच्यावर कुणाचंबी पोरगं बसवा, नवरदेवच दिसंल!" झाले, मला दोन बोटे स्वर्ग उरला. कळमनुरी ते वसमत असे एक लग्न नसेल, जिथे मी मिरवलो नाही. पुढे पांढऱ्या नक्षीदार खुर्च्यांची टूम निघाली आणि मी गोदामात कनातींच्या मागे पडलो. उंदरांनी माझ्या पोटात संसार थाटला. शेवटी नजमुन्निसालाच दया आली. तिने मला ठिगळ लावले आणि मी सभा, सत्कार आणि सामन्यांच्या कामी येऊ लागलो.

सत्काराचे पाहुणे मी पुष्कळ सोसले. काही जण असे रुततात की उठता उठत नाहीत. काही जण शाल अंगावर पडण्याआधी फोटोवाला कुठे आहे ते बघतात. सत्कार म्हटले की मला जांभईच यायची.

गेल्या हिवाळ्यात मात्र तसे झाले नाही. फाट्याजवळच्या एका गावात कबड्डीचा अंतिम सामना होता. गावचा संघ आणि वसमतचा संघ. गावचा धम्मानंद फौजेत आहे, तो सुट्टीवर आला होता आणि खेळणारही होता. मंडळाचा अध्यक्ष दिपक याने सामन्याआधी त्याचा सत्कार ठेवला. धम्मानंद माझ्या अगदी काठावर टेकला. अंगात खेळाचा बनियन आणि डोक्यावर दिपकने बांधलेला फेटा, असा त्याचा अवतार होता.

"लवकर उरक गड्या," तो दिपकच्या कानात म्हणाला. "उद्या मला गाडी धरायची हाय. दोन वर्षं झाली, मातीत उतरलो न्हाई. त्या वसमतच्या फरदीननं मला शाळेपासून दर बारीला धरलंय. यंदा निसटतो का न्हाई, तेवढं बघू दे."

दिपकने माईक घेतला. तो मनापासून बोलला, हे मी सांगतो. "हा तिकडं उभा हाय म्हणून आपुन इथं खेळून राहिलो. ह्याच्या केसाला धक्का लागला, तर तो गावाला लागला असं समजा!" सारे मैदान उभे राहिले. वसमतच्या पोरांनीही टाळ्या पिटल्या. बायकांच्या घोळक्यात धम्मानंदची आई जनकाबाई पदराने डोळे टिपत होती. खरे सांगतो, माझाही ऊर भरून आला.

मग सामना सुरू झाला आणि सगळा घोटाळा झाला. धम्मानंद चढाईला गेला की वसमतची पोरे मागे सरायची. दोघांना हात लावून तो आरामात परत यायचा. एकदा फरदीनने सवयीने त्याचा घोटा पकडला. लगेच गर्दीतून कोणीतरी ओरडले, "अरे, फौजी हाय तो! टांग ओढतो काय?" फरदीनने चटका बसल्यासारखा हात काढला.

गावाचे गुण वाढत होते, लोक नाचत होते. धम्मानंदचे तोंड मात्र उतरत चालले. मध्यंतरात तो पाणी प्यायला मंचाजवळ आला आणि त्याने फरदीनला बोलावून घेतले.

"काहून सोडलंस रे मला?"

"आत्ताच तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या," फरदीन खाली बघत म्हणाला. "लगेच पाडू कसा? लोक मलाच बोलतील."

"सत्कार बराबर हाय, मला बरं वाटलं. पण तिकडं वर्षभर फौजीच असतो मी. इथं तरी मला धम्या राहू दे. असा फुकटचा जिंकून जाऊ काय उद्या?"

फरदीन मान खाली घालून आपल्या पोरांकडे परत गेला. जवळच उभ्या असलेल्या दिपकने हातातला माईक खाली ठेवला.

दुसऱ्या डावात धम्मानंद पुन्हा चढाईला गेला. फरदीन पुढे आला आणि गर्दीकडे बघून थबकला. तेवढ्यात बायकांमधून जनकाबाई उठली. मंचावरचा भोंगा फिका पडेल असा तिचा आवाज होता.

"धरा की रे त्याला! खेळाया आलंय माझं लेकरू. देव्हाऱ्यात बसवता काय?"

फरदीनने झेप घेतली. त्याच्यामागून तिघे तुटून पडले. धम्मानंदने सगळ्यांना घेऊन रेषेकडे अंग फेकले, पण हात थोडक्यात कमी पडला. पंचांनी त्याला बाद दिले. मैदान चिडीचूप झाले. माणसांच्या ढिगाऱ्याखालून धम्मानंदचे खदाखदा हसू ऐकू आले, तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला आणि टाळ्या वाजवल्या. सत्काराच्या टाळ्यांपेक्षा त्या मोठ्या होत्या. पुढे वसमतच्या पोरांनी त्याला मोकळे सोडले नाही आणि गाव शेवटी दोन गुणांनी हरले.

मित्रांनो, जवानाचा सन्मान करायचा की नाही, असा वाद मंचावर मी ऐकला आहे. जरूर करा. उभे राहा, शाल द्या, माझ्यावर बसवा. मी कुरकुरणार नाही. पण मग त्याला खाली उतरू द्या आणि तुम्ही मागे सरू नका. घर सोडून गेलेल्या माणसाला घरी आल्यावर परके करू नका.

सामन्यानंतर जनकाबाई लेकाच्या पाठीवरची माती झटकत होती. गुडघा सोलवटून रक्त आले होते.

"लागलं काय रे?" तिने विचारले.

"व्हय माय, लई लागलं," तो म्हणाला, आणि सुट्टीवर आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवल्यासारखा दिसला.