पिवळा दिवा लागला नाही तर

"बंद डबीत नको घालूस गं स्नेहल तो रेग्युलेटर, तापेल," किंजल व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती. "बारा व्होल्टचे पाच करतोय तो. मधले सात जातात कुठे? उष्णताच होते ना त्यांची? निदान पाठीला हीटसिंकचा पत्रा लाव, उष्णता बाहेर जाईल. नाहीतर सरळ बक कन्व्हर्टर मागव, तो एवढा तापत नाही."

किंजल आणि मी पालघरच्या कॉलेजात एका बाकावर बसून बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स केलं. ती आता शिकवते. मी लग्न होऊन घिवलीला आले.

"झालं तुझं लेक्चर?" मी म्हटलं. "इथे खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज सोलून निघतात, बाईसाहेब. उघडं ठेवलं तर पावसाळ्याआधी गंजून जाईल."

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे रिमोटपासून मिक्सरपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. मी तेच केलं. तीन पायांचे काळे रेग्युलेटर कॉलेजपासून खणात पडून होते, तेच वापरले. हीटसिंक लावला तर डबीचं झाकण बसेना, म्हणून काढून टाकला आणि चारी बाजूंनी ग्लू-गन फिरवली. टेबलावर थोडा वेळ चालवून पाहिलं, बोट लावलं. कोमट. मला वाटलं, झालं.

वस्तू साधी होती. बाळ रडलं की डबीतला छोटा माइक ऐकणार आणि लांब वायरीवरचा पिवळा दिवा लुकलुकणार. वीज सारखी जाते म्हणून स्कूटरची जुनी बॅटरी जोडली. झोपलेल्या सलोनीच्या नाकाखाली बोट धरून बघणारी आई मी. ती दिसेनाशी झाली की माझं कामात लक्ष लागत नाही.

दुसरी डबी रूपलसाठी केली. रूपल आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची, नंदुरबारकडची. नवरा चिराग तारापूरच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले. ओठ बघून ती बोलणं ओळखते. तान्ह्या लेकाच्या, देवूच्या पायाला ओढणीचं एक टोक आणि आपल्या मनगटाला दुसरं बांधून ती भाकऱ्या थापायची. त्याने पाय झाडला की हिला कळायचं.

दिवा मिळाला आणि तिने ओढणी सोडली.

सासूबाईंनी तर गावभर केलं. "आमची सून लय हुशार हाय. पोर रडला का दिवा लागलाच! आमी डोल्यांनी बगितलंय." हळदीकुंकवाला बायकांनी माझी ओटी भरली, वर 'इंजिनियरबाई' म्हणून चिडवलं. मी लाजले, पण नको म्हणाले नाही.

थंडीभर दोन्ही डब्या नीट चालल्या. होळीनंतर चिरागला लांब पडतं म्हणून ते बोईसरला राहायला गेले.

मग एप्रिल आला. एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला. मी विहिरीवर कपडे धूत होते. पडवीतला दिवा मला दिसत होता. तो लागला नव्हता, म्हणून मी निवांत होते. आत गेले तर सलोनीचा पाय झोळीच्या दोरीत अडकलेला, तोंड लाललाल, आणि रडून रडून आवाज उरलेला नाही. पायावर दोरीचा वळ. डबीला हात लावला तर चटका बसला. कडेचा ग्लू वितळून ओघळला होता.

संध्याकाळी दर्पणने, माझ्या नवऱ्याने, डबीजवळ टाळी वाजवली. दिवा लागला.

"चालतोय की! तू उगाच घाबरतेस."

"आता गार झालाय म्हणून चालतोय," मी म्हटलं. हा रेग्युलेटर फार तापला की स्वतःला वाचवायला बंद पडतो, गार झाला की पुन्हा सुरू होतो. परीक्षेत हे उत्तर मी लिहिलंय.

तेवढ्यात फोन वाजला. रूपलचा फोटो. बोईसरच्या खोलीत भिंतीला डबी, आणि डबीला गोधडीच्या तुकड्यांचं शिवलेलं अंगडं. खाली लिहिलं होतं: "ताई, इकडे धूळ फार म्हणून हिला अंगडं शिवलं. दुपारी देवू झोपला की आता मी पण झोपते."

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. "डबी काढ" एवढं टाइप केलं. मग वाटलं, ती 'का?' म्हणून विचारेल; मग सगळ्यांना कळेल. पुसून टाकलं. दोन बदाम पाठवले आणि लिहिलं, "वा, मस्त!"

सकाळी धीर करून सगळं खरं लिहिलं. एकच टिक. अजूनही एकच आहे. चिरागचा फोन बंद लागतो. त्याच दिवशी दर्पणला घेऊन बोईसरला गेले तर खोलीला दुसऱ्याचं कुलूप. शेजारीण म्हणाली, "वो लोग तो कल रात को ही गए. ठेकेदार बदल गया ना. पास्थल की तरफ देखो." पास्थलला दोन रविवार चाळी पालथ्या घातल्या.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या सलोनीला थोपटत होत्या. हात थांबला. "फोटू आला तवाच का नाय सांगितलंस?" ओटी भरणाऱ्या बायकांनाही मग मीच सांगितलं. त्यांच्यापैकी कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

म्हणून आता तुम्हाला सांगते. बोईसर, पास्थल, तारापूरकडे कुणी राहत असाल, तर आसपासच्या चाळींत बघा. सावळी, उंच, डाव्या गालावर तीळ, कडेवर वर्षाच्या आतला मुलगा. दारातून हाक मारू नका, तिला ऐकू येणार नाही. समोर जाऊन उभ्या राहा आणि सावकाश बोला. भिंतीवर गोधडीच्या अंगड्यातली डबी असेल. तिची वायर काढा. स्नेहलने सांगितलंय म्हणा, चूक स्नेहलची आहे म्हणा. पण त्याआधी, दिवा लागलेला असो की नसो, देवू कसा आहे तेवढं बघा.