टोपलीतली पांढरी कोंबडी

मी कोंबडी बोलतेय. अंड्याचा भाव तुम्हाला तोंडपाठ असतो, पण ते कुठं बसून घातलं हे आजवर कुणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगते. रागात सांगते, गोड मानून घेऊ नका.

शहागडजवळ हमरस्त्याला लागून भारतची पत्र्याची शेड आहे. तिथल्या तारेच्या पिंजऱ्यात माझा जन्म सरला. एका पिंजऱ्यात आम्ही चौघी. पंख पसरावा तर शेजारणीच्या डोळ्यात जायचा. दाटीत आम्ही एकमेकींना टोचतो म्हणून पिल्लू असतानाच आमच्या चोची भाजून बोथट केल्या होत्या. जागा द्यायची सोडून चोच कापायची, ही माणसाची अक्कल.

अंडं यायच्या आधी कोंबडीच्या जिवाची घालमेल होते. तिला अंधारा कोपरा हवा असतो, अंगाखाली थोडा काडीकचरा हवा असतो. बस, एवढंच. मी रोज तारेवर पाय घासत तो कोपरा शोधायची. पिंजऱ्याचा तळ उतरता, त्यामुळे अंडं पडलं की घरंगळत पुढच्या पन्हळीत जायचं. मी वळून बघेपर्यंत ते गेलेलं असायचं.

उन्हाळ्यात पत्रा तापला. चोची उघड्या टाकून आम्ही धापा टाकायचो आणि अंड्याचं टरफल पातळ होत चाललं. समोर आम्लेटची गाडी लावणारे गयासोद्दीनचाचा तक्रार घेऊन आले.

"भारतभाई, हातात घेतलं की अंडं फुटून राह्यलं. गिऱ्हाईकाला काय टरफलं चारू?"

"कोंबड्याच बेकार निघाल्या, चाचा," भारत म्हणाला.

बेकार आम्ही. त्याचा पत्रा नाही, त्याचा पिंजरा नाही.

पुढं माझी पिसं झडली आणि अंडं बंद झालं. भारतनं मला कापायच्या खेपेत टाकलं. तेवढ्यात त्याची आई, गोजरबाई, आली आणि तिनं मला काखोटीला मारलं. "ही मला राहू दे. अंगणात फिरंल."

फिरते कसली? मातीवर पाय टेकला आणि मी कोलमडले. जन्मभर तार धरून उभी राहिलेली मी, मला चालताच येईना. गोजरबाईनं बाजेखाली एक जुनी टोपली ठेवली, तिच्यात भुसा पसरला. हळूहळू नवी पिसं आली. मी उकिरडा उकरायला शिकले, धुळीत लोळायला शिकले. एका सकाळी टोपलीत शिरले, बसले, अंडं घातलं. वळून बघितलं तर ते जागच्या जागी होतं. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

पुढं एकदा गोजरबाईनं माझं अंडं चाचांना दिलं. त्यांनी ते तव्याच्या कडेवर मारलं, फुटलं नाही. पुन्हा मारावं लागलं. चाचा हसले. "याला म्हणतात अंडं. भारतभाई, कोंबड्यांना जागा द्या, मोकळं सोडा. माल बराबर येतो."

पालथ्या घड्यावर पाणी. भारतच्या डोक्यात एवढंच शिरलं की मोकळ्या कोंबडीचं नाव खपतं. त्यानं पिंजऱ्यातलीच अंडी चहाच्या पाण्यात बुडवून तांबूस केली, रस्त्यावर टेबल मांडलं आणि 'गावरान अंडी' अशी पाटी लावली. आणि टेबलावर मला ठेवलं, टोपलीसकट. जन्मात एक जागा मिळाली होती, तिचीही त्यानं जाहिरात केली.

एक बाई जीपमधून उतरली. "हिचीच का अंडी?"

"हिचीच, ताई. अंगणातली कोंबडी हाय. बिलकुल गावरान."

ट्रकचे भोंगे वाजत होते, माणसं टकामका बघत होती. पण आलेलं अंडं काही थांबत नाही. मी तिथंच घातलं आणि उठले. टोपलीत अंडं होतं चुन्यासारखं पांढरं.

बाईनं एकदा टोपलीत बघितलं, एकदा ट्रेमध्ये. "कोंबडी हीच ना? मंग हे पांढरं अन् ते तांबडं कसं?" तिनं पदर ओला करून ट्रेमधलं एक अंडं घासलं. पदराला चहा लागला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण तुमचीच ना?

ज्यांनी आधी ट्रे नेले होते, तेही परत येऊन ट्रे भारतच्या टेबलावर आदळून गेले. त्याला स्वतःची लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटलं? तो माझ्यावरच चिडला. "हिनं माझा बाजार उठवला," म्हणत त्यानं मला पुन्हा पिंजऱ्यात कोंबलं.

गोजरबाई टोपली घेऊन धावत आली. "अरे, टोपली तरी राहू दे तिच्यापाशी." तिनं आडवी करून बघितली, तिरपी करून बघितली. पिंजऱ्याचं दार वीतभर. टोपली आत जाईना.

"आई, बाहेर काढलीस तर उद्याच कापीन तिला," भारत म्हणाला.

म्हातारीनं टोपली पिंजऱ्यासमोरच्या खिळ्याला टांगली, येता-जाता लेकाच्या डोक्याला लागेल अशी. ती अजून तिथंच आहे. अंडं यायची वेळ झाली की मी तिच्याकडे तोंड करून बसते. अंडं पडतं आणि घरंगळत जातं.

उद्या तुम्ही बाजारात जाल. रंग बघू नका, पाटी वाचू नका. विकणाऱ्याला एवढंच विचारा, की कोंबडी बसते कुठं. तो गप्प राहिला तर समजा, ते अंडं माझं आहे.