बारा शब्दांची मालकी

यादोरावांच्या घरात सकाळचे जेवण साडेनवाला होते आणि आधी पुरुष जेवतात. त्या दिवशीही तसेच चालले होते. सासू रुक्माबाई भात वाढत होत्या, सून खुशबू ओसरीवर लाखोरीची भाजी खुडत होती आणि तिची सहा वर्षांची टीना गणवेश उलटा घालून अंगणभर फिरत होती. खुशबूचा नवरा अतुल दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. लग्नाआधी तिने नर्सचा कोर्स केला होता. लग्नाची हळद लागली आणि प्रमाणपत्र पडून राहिले ते राहिलेच. आता गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या एका लहान दवाखान्यात जागा निघाली होती. तिने अर्ज केला होता आणि आठ दिवसांपूर्वीच तिला भेटीसाठी आजची तारीख मिळाली होती.

"मामाजी, कुडव्याले जाऊन राहिली मी," ती सासऱ्यांना म्हणाली.

"जाय ना. मी कायले अडवू?" यादोराव म्हणाले आणि ताटावरून उठले.

इतक्या सहज परवानगी मिळाली याचा तिला संशय यायला हवा होता. पण बिचारी आनंदात होती.

गेल्या वर्षी गावात डिजिटल ओळखीचे शिबिर झाले होते. एका संस्थेची कार्यकर्ती रुची शाळेच्या व्हरांड्यात बसून सगळ्यांना समजावत होती, "याला ब्लॉकचेन म्हणतात. तुमच्या कागदांची नोंद एका साहेबाच्या कपाटात नाही, शेकडो संगणकांवर एकाच वेळी राहते. कुणालाच ती खोडता येत नाही. आणि तुमचे कागद कुणाला दाखवायचे ते तुम्हीच ठरवायचं. त्यासाठी हे बारा शब्द. हीच तुमची किल्ली."

किल्ली! आता आपल्या गावांतली रीत ऐका. जन्माच्या दाखल्यापासून बँकेच्या पुस्तकापर्यंत बाईचा एकेक कागद सासऱ्याच्या पेटीत असतो. तिने तो सांभाळायचा म्हणजे घरावर अविश्वास दाखवायचा. म्हणून त्या दिवशी बायांनी डोक्यावरचा पदर सावरत आपापले बारा शब्द मोठ्याने वाचले आणि घरोघरच्या कर्त्या पुरुषांनी ते वहीत उतरवून घेतले. यादोरावांचे अक्षर वळणदार, म्हणून चार शेजाऱ्यांनी आपल्या बायकांचे शब्दही त्यांच्याकडूनच लिहवून घेतले. रुचीचे जेवण राहिले होते. "चालेल, घरात सुरक्षित असले म्हणजे झालं," असे म्हणून तिने टिफिन उघडला. अतुलचा जुना मोबाइल, ज्यात खुशबूची ती ओळख होती, तोही पेटीत गेला.

कुडव्याच्या दवाखान्यात हिमांशू नावाचा कारकून होता. त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"मॅडम, आपने तो खुद मना किया है. आम्ही सर्टिफिकेट पाहायची परमिशन मागितली, तुम्ही नकार दिला. परसों, सुबह ग्यारह बजे."

"मी नाही देलं जी! मी त वावरात होती."

"तुमच्याच शब्दांनी दिलाय. हे बदलत नाही ना मॅडम, यही तो इसकी खासियत है. जागा कल भर गई."

ऑटोत बसून परत येताना खुशबू रडली नाही. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, हे जास्त वाईट.

यादोराव अंगणात बसले होते. त्यांनी काही लपवले नाही. लपवण्यासारखे आपण काही केले आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

"हो, पेटीतल्या मोबाइलवर मीच दाबलो नकार. विधवा सून गोंदियात नोकरी करन, उद्या कोनाचा हात धरन, पोरगी घेऊन जाईन. मंग लोकाईले मी काय सांगू?"

"मले इचारलं काऊन नाही?"

"तुले काय इचाराचं? घरचे कागद घरात आहेत."

"मी नवीन सबद घेतो मामाजी."

"घे ना! पन टीना या घरातच राहीन, सांगून ठेवतो."

रुक्माबाई दारात उभ्या होत्या. चाळीस वर्षांत त्या नवऱ्यापुढे बोलल्या नव्हत्या. आजही बोलल्या नाहीत. फक्त आत जाऊन त्यांनी टीनाचे दोन फ्रॉक पिशवीत भरले आणि पिशवी सुनेच्या हातात दिली. यादोराव पाहतच राहिले.

दुसऱ्या दिवशी खुशबू टीनाला घेऊन गोंदियात संस्थेच्या कार्यालयात बसली होती. रुचीने तिचा अंगठा घेतला, जुनी किल्ली बंद केली आणि नवे बारा शब्द काढून दिले.

"आणि तो नकार?" खुशबूने विचारले.

"तो राहील," रुची खाली बघत म्हणाली. "खोडता येत नाही. हे शब्द मात्र आता कुणाला सांगू नको. सासऱ्याला, भावाला, कुणालाच."

"म्याडम, तुमचेवाले सबद कोनापाशी आहेत?"

रुचीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "ह्यांच्या मोबाइलमध्ये. माझ्या लक्षात राहत नाहीत ना, म्हणून सोयीसाठी."

खुशबू हसली. ते हसणे चांगले नव्हते.

"मंग आमाले काय शिकवून राहिल्या?"

रुचीला राग आला, आणि तो रास्त जागी आला: स्वतःवर. त्याच टेबलावर, खुशबूच्या देखत, तिने आपलीही किल्ली बदलली. पुढच्या सोमवारपासून ती दवनीवाड्याकडच्या गावांत पुन्हा शिबिरे घेणार आहे, पुरुषांना व्हरांड्याबाहेर उभे करून. लोक शिव्या देतील. देऊ देत.

खुशबूला अजून नोकरी नाही. टीनाला परत पाठव, असे यादोरावांचे निरोप रोज येतात. आणि तिने कधीच न दिलेला तिचा नकार शेकडो संगणकांवर शाबूत आहे.

वाचकहो, यादोरावांना नावे ठेवणे सोपे आहे. वर्तमानपत्राची ही पुरवणी बाजूला ठेवण्याआधी आपल्या घरातल्या बाईला एवढेच विचारा, की तुझे कागद कुठे आहेत? आणि उत्तर देण्याआधी ती तुमच्या तोंडाकडे बघते का, ते पाहा.