हमालीचा दर

बाबा चाळीस वर्षं मालधक्क्यावर हमाल होते. त्यांच्या धंद्याचा नियम सरळ होता: हमाली वजनावर. पोत्यात केशर असो की कोंडा, दर तोच. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, तेव्हा लेकीने त्यांच्यासाठी अ‍ॅप बनवलं. चित्रावर बोट ठेवलं की फोन तिच्या आवाजात बोलायचा: पाणी, दिवा, दुखतंय.

हळूहळू अशाच इतर घरांतूनही मागणी आली. किंमत तीनशे. त्यातले नव्वद अ‍ॅपचं स्टोअर कापून घ्यायचं.

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी पोत्याच्या चित्रावर बोट ठेवलं, मग प्रश्नचिन्हावर. वजन किती, असं ते विचारत होते.

"वजन कसलं डोंबलाचं! मी स्वतःच्या वेबसाइटवरून पाठवून बघितलं, बाबा. स्टोअर एकामागे जे नव्वद घेतं, तेवढ्या खर्चात दोनशे जणांना पोचतं."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला.

तिचंही डोकं फिरलं. तिने अ‍ॅपमध्येच ओळ टाकली: 'आमच्या वेबसाइटवर हेच दोनशे दहाला मिळेल.' हमालाच्या पोरीला वाटलं, खरा दर सांगायला कसली चोरी? बाहेरचा दर सांगणं नियमात बसत नाही म्हणत तिसऱ्या दिवशी स्टोअरने अ‍ॅपच उचलून बाहेर फेकलं. ती हट्टाला पेटली, ओळ काही काढेना.

मग एका गिऱ्हाईक बाईचा फोन आला. "ताई, भावाचा फोन फुटला. नव्या फोनात तुमचं अ‍ॅप सापडत नाही हो. दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडलाय."

तिने वेबसाइटची लिंक पाठवली. भावाच्या नव्या फोनात तिच्यावरून अ‍ॅप उतरेना; त्या फोनाला फक्त स्टोअरमधलाच माल चालायचा. बाईने पुन्हा फोन केला आणि नुसती रडली.

मग कसला हट्ट नि कसलं काय. तिने ओळ पुसली आणि 'पुन्हा असं होणार नाही' असं मुकाट लिहून दिलं. चार दिवसांनी अ‍ॅप परत आलं. नव्वदची कापाकापीही परत आली. भाऊ बोलू लागला. बाईने तोंडभरून आभार मानले, ते हिच्या घशाखाली उतरेनात.

बाबा शेजारी बसून सगळं बघत होते. त्यांनी फोन ओढून चित्रं खालवर केली. हवा तो शब्द सापडेना. तिने औषध, पाणी, धन्यवाद सगळं घातलं होतं, शिवी एकही घातली नव्हती. शेवटी त्यांनी एका चित्रावर बोट दाबलं.

"दुखतंय," फोन तिच्याच आवाजात म्हणाला.

"कुठे, बाबा?"

त्यांनी धड असलेला हात उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.