भूमेश्वरीचं मत

टिकेशवर मी जळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. इंटरनेटवर मराठीचा एक ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही फुकट लिहावं, दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारावं. दरेकसा गावाचं पान तिथं २००९ साली मी तयार केलं. गोंदियाहून रोज आगगाडीने त्या गावच्या शाळेत जाणारा मास्तर मी. माझ्याइतका हक्क कोणाचा? पण दोन वर्षांत मला कोणी 'छान' म्हटलं नाही. आणि हा टिकेश, नागझिऱ्यात पर्यटकांना फिरवणारा गाईड, सहा महिन्यांत गौरवाचे तीन तारे घेऊन बसला. चांगलं काम दिसलं की तिथले लोक एकमेकांच्या नावाच्या पानावर असा तारा लावतात. माझं पान कोरं. रोज सकाळी मी आधी त्याचं पान उघडायचो, चौथा तारा आला का ते पाहायचो आणि मगच चहा घ्यायचो.

एक दिवस त्याने दरेकशाच्या पानावरचा माझा स्टेशनचा फोटो खाली सरकवला आणि वर स्वतःचा डोंगराचा फोटो लावला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बदल उलटवला, त्याने पुन्हा लावला. भांडण चर्चापानावर गेलं. तिथं पंचाचं काम करणाऱ्या पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, "दोघांची मतं समसमान आहेत. गावातलं कोणी असेल तर त्यांचं मत घेऊ. रविवारपर्यंत थांबते."

माझी बायको भूमेश्वरी दरेकशाचीच लेक. तिला न विचारता मी तिच्या नावाने खातं उघडलं. पण नवं खातं नुसतं मत द्यायला आलं तर लोकांना संशय येतो. आधी तिच्या नावावर काही लिखाण हवं होतं. ती तांदूळ निवडत बसली होती.

"मोहफुलं कशी वेचते, सांग बरं," मी म्हटलं.

"काऊन? शाळेत शिकवून राहिले का?" ती हसली, पण सांगू लागली. "झाडाखालचा पाला आधी झाडून घ्या लागते. सूर्य निघाच्या आधी टोपली घेऊन जा लागते, नाईतर ढोरं खाऊन टाकतेत. मंग आंगणात वाळवाचं."

बरंच काही सांगितलं तिने. मी ते पुस्तकी मराठीत टाइप करून तिच्या खात्यावरून मोहफुलांचं पान तयार केलं आणि तिच्याच नावाने स्टेशनच्या फोटोला मत देऊन मोकळा झालो.

शनिवारी पाहतो तर भूमेश्वरीच्या पानावर तारा! टिकेशनेच दिलेला. "ताई, मोहफुलांवर इतकं नेमकं मी कुठं वाचलं नव्हतं. पुस्तकांचे संदर्भ मी शोधून जोडतो. आणि फोटोचं म्हणाल तर तुम्ही गावच्या, तुमचं मत मला मान्य."

म्हणजे मी जिंकलो होतो. पण पोटात दुखायचं ते दुखलंच. दोन वर्षं मी घासली आणि तारा हिला? हिने तर माउसला हातसुद्धा लावला नव्हता! आता टिकेश राहिला बाजूला, मला स्वतःच्या बायकोचा हेवा वाटत होता. लाज वाटायला हवी होती, पण राग आला.

जेवताना फुगून बसलो. तिने कारण विचारलं, तेव्हा रागाच्या भरात सगळं ओकलो. ती हात पुसून कॉम्प्युटरसमोर बसली. मोहफुलांचं पान दोनदा वाचलं. ताऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही फोटो पाहिले.

"मी स्टेशनले मत कवा देलं?"

"तुयं-मायं का अलग हाये?"

"हाये ना. तारा मले भेटला, त तुमाले जेवण गोड लागलं नाही."

तिने कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.

"लिवा," ती म्हणाली. "पहिलं मत माहं नोहतं, माह्या नवऱ्यानं देलं होतं."

"लोक का म्हणतीन?"

"लिवा."

मी लिहिलं. कान तापले होते.

"आता माहं मत लिवा. गाडीतून डोंगर दिसला का आमी पिशव्या उचलतो. स्टेशन मंग येते."

दोन वर्षांत मला असं एक वाक्य सुचलं नव्हतं. हेव्यापोटी मी 'पिशव्या' खोडून 'सामान' लिहायला गेलो.

"तसंच ठेवा," भूमेश्वरी म्हणाली.